पाऊण फेरा

धक्क्याच्या शेवाळलेल्या पायरीवरून मिस्त्री घसरले आणि त्यांचं उजवं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर, पुढे दोन महिने जड काही उचलायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. एकसष्टाव्या वर्षी हाड सावकाशच जुळतं, असंही म्हणाले. मिस्त्रींनी मान डोलावली खरी, पण त्यांचं लक्ष डॉक्टरांच्या मागच्या कॅलेंडरकडे होतं. पुढच्याच महिन्यात भूगोलाच्या बाईंच्या बोटीचं तेल बदलायचं होतं.

तशी मिस्त्रींच्या हाताखालून जाणारी पंचवीस-तीस इंजिनं त्या धक्क्यावर होती. मासेमारीच्या बोटी, बंदराची एक लाँच, हौशी लोकांच्या शिडाच्या बोटी. पण जीव जडला होता तो बाईंच्या इंजिनावर. दोन सिलिंडरचं, छत्तीस वर्षांचं डिझेल इंजिन. त्याचे बरेचसे सुटे भाग मिळणं बंद होऊनही जमाना झाला होता. बाई शाळेत भूगोल शिकवायच्या. निवृत्त होऊन सात वर्षं झाली तरी धक्क्यावर त्यांना सगळे भूगोलाच्या बाईच म्हणत. नवरा वारल्यावर त्या बोट विकून टाकतील असा लोकांचा होरा होता. त्यांनी विकली नाही. वारा बरा असला की एकट्या शीड चढवून निघायच्या. खाडीतून बाहेर पडायला आणि परत यायला तेवढं इंजिन लागायचं, आणि त्या इंजिनाला बावीस वर्षांत मिस्त्रींखेरीज कोणाचा हात लागला नव्हता.

हात लावणं सोपंही नव्हतं. केबिनमध्ये उतरायची लाकडी शिडी काढून बाजूला ठेवली की तिच्यामागे, कपाटात कोंबून बसवल्यासारखं ते इंजिन दिसायचं. जुनं तेल सोडायचा नट त्याच्या पोटाखाली अशा जागी, की तिथे मांजराचाही पंजा पोचू नये. म्हणून तेल मोजायची पट्टी काढून त्या भोकातून बारीक नळी आत सोडायची आणि हातपंपाने तेल वर ओढायचं. फिल्टर आडवा बसवलेला. सैल केला रे केला की त्यातलं तेल थेट बोटीच्या तळात. मिस्त्री त्याला आधी प्लास्टिकची पिशवी बांधायचे. हे सगळं चाललेलं असताना ते बाईंना खाली थांबू देत नसत. "तुम्ही वर बसा बाई, इथे हात-कपडे खराब होतील," असं म्हणायचे. बाई निमूटपणे वर उन्हात वर्तमानपत्र घेऊन बसायच्या. दोन तासांनी मिस्त्री घाम पुसत वर यायचे, "झालं" म्हणायचे, आणि बाई त्यांच्याकडे कौतुकाने बघायच्या. वर्षातून दोनदा मिळणारी ती नजर मिस्त्रींना किती हवीहवीशी होती, हे त्यांना स्वतःलाही ठाऊक नव्हतं.

मिस्त्रींना एकच मुलगी. जावई दुसऱ्या गावात ट्रकच्या गॅरेजमध्ये कामाला होता. चार वर्षांपूर्वी गॅरेज बंद पडलं, तेव्हा दोघं इथे आले आणि वर्कशॉपच्या वरच्या दोन खोल्यांत राहू लागले. मिस्त्रींनी त्याला काम दिलं. पण कसलं, तर बोटींचे पंखे घासायचे, जुना रंग खरवडायचा, डबे वाहायचे. इंजिनाला हात लावू दिला नाही. जावई विचारायचा फार. हे असं का, ते तसं का. मिस्त्री म्हणायचे, "बघत राहायचं, जावईबापू. बघून बघून येतं." आणि नेमके पाठ करून उभे राहायचे, म्हणजे त्याला फक्त त्यांचा सदरा दिसावा.

तरी तो शिकला. कुठून शिकला देव जाणे. जुनी माहितीपुस्तकं गोळा करायचा, एका वहीत आकृत्या काढायचा. बोलायला गोड होता, कोणाचं ओझं दिसलं की न सांगता उचलायचा. आधी लोक त्याला 'मिस्त्रींचा जावई' म्हणायचे, मग नुसतं 'जावई'. वर्षभरात तो सगळ्या धक्क्याचाच जावई झाला. मिस्त्रींच्या बायकोला याची गंमत वाटायची. एका मुलीत एवढ्या लोकांना जावई मिळवून दिला, म्हणायची, आपल्यासारखे परोपकारी आपणच. मिस्त्रींना यात हसण्यासारखं काही सापडत नसे.

प्लास्टर असताना बायकोने एकदा सुचवून पाहिलं, की बाईंचं तेवढं काम जावयाला करू द्या. बाईंचं थांबेल, असं म्हणून मिस्त्रींनी विषय मिटवला. पण बाईंना दीपगृहाच्या बेटापर्यंत जायचं होतं आणि जुन्या तेलावर एवढा पल्ला मारणं त्यांना पटेना. त्यांनी वर्कशॉपमध्ये फोन केला. तो मुलीने उचलला, आणि मुलीने नवऱ्याला पाठवून दिलं. घरात ही गोष्ट कोणी लपवली नाही आणि आवर्जून सांगितलीही नाही. मिस्त्रींना ती कळली प्लास्टर निघाल्यावर दुसऱ्या दिवशी, थेट बाईंकडून.

बाई त्यांना बघायला आल्या होत्या. हातात फळांची पिशवी. मिस्त्रींची पहिली नजर गेली ती त्यांच्या नखांवर. नखांच्या कडा काळ्या होत्या. मिस्त्रींच्या स्वतःच्या नखांच्या कडा चाळीस वर्षं होत्या, अगदी तशाच.

बाईंनी तब्येतीची चौकशी केली आणि मग त्यांना राहवेना. तेल बदललं म्हणाल्या, आणि मीच बदललं. जावई नुसता शेजारी बसला होता, त्याने हातसुद्धा लावला नाही. आधी दहा मिनिटं इंजिन चालवून तेल कोमट करून घेतलं, म्हणजे ते पातळ होऊन सगळा गाळ घेऊन वर येतं. हातपंपाचे एकशे दहा दट्टे मारले, मोजून. फिल्टरला पिशवी बांधली. जुन्या फिल्टरची रबरी कडी कधीकधी इंजिनालाच चिकटून राहते, म्हणून तिथे हाताचं बोट फिरवून बघितलं. नव्या कडीला तेलाचं बोट लावलं. मग फिल्टर हाताने फिरवत न्यायचा. कडी टेकली की तिथून पुढे पाऊण फेरा. जावई म्हणाला, पाऊण म्हणजे पाऊण, जोर दाखवायचा नाही.

"मी म्हटलं, म्हणजे उत्तरेकडून निघायचं, पूर्व-दक्षिण करत पश्चिमेला थांबायचं," बाई सांगत होत्या आणि हसत होत्या. "मिस्त्री, बावीस वर्षांत मला पहिल्यांदा माझं इंजिन कळलं."

मिस्त्री म्हणाले, छान झालं.

बाई गेल्यावर बायकोने विचारलं, चेहरा असा का, फळं आंबट निघाली का. मिस्त्रींनी फळ तोंडाला लावलंच नव्हतं. ते खिडकीशी जाऊन बसले. बाईंवर आपला काही हक्क नाही, हे त्यांना कळत होतं. इंजिन बाईंचं, बोट बाईंची. जावई घरचाच. काम झालं, तेही नीट झालं. यात वाईट वाटून घेण्यासारखं होतं काय? पण त्यांच्या डोळ्यांसमोरून ती काळी नखं हलत नव्हती. बावीस वर्षं आपण ज्यांना उन्हात बसवून ठेवलं, त्यांना याने एका सकाळीत खाली नेलं. आणि त्या हसल्या होत्या. आपल्याशी बोलताना त्या कधी तशा हसल्या नव्हत्या. आपल्याकडे बघायच्या ते डॉक्टरकडे बघावं तसं. त्याच्याकडे बघत असतील ते वर्गातल्या सोबत्याकडे बघावं तसं. हे सुचल्यावर तर त्यांचा अगदी तीळपापड झाला.

त्या आठवड्यात जावयाचं काहीही त्यांना सहन होईना. तो शिट्टी वाजवत जिना उतरला तरी खुपायचं. जेवताना तो मुलीच्या ताटात न मागता वाढायचा, तेही खुपायचं. एकदा वर्कशॉपच्या टेबलावर त्याची वही उघडी पडली होती. आजूबाजूला कोणी नाही असं बघून मिस्त्रींनी ती ओढून घेतली. बाईंच्या इंजिनाची आकृती होती, बाण काढून प्रत्येक भागाचं नाव लिहिलेलं. शेजारी तारीख, तेल किती लिटर, इंजिन किती तास चाललं. आणि एके ठिकाणी जावयाने 'फील्टर' लिहिलं होतं, तिथे लाल शाईने दीर्घ ईकार खोडून ऱ्हस्व केला होता. ते अक्षर बाईंचं होतं. मिस्त्री त्या लाल रेघेकडे बघत राहिले. आपल्या बावीस वर्षांच्या कामावर बाईंनी कधी लाल रेघ मारली नव्हती. मारणार कशावर, कागदावर काही नव्हतंच.

मग एक विचार त्यांच्या डोक्यात शिरला आणि तिथेच तळ ठोकून बसला. जुनी कडी. नवशिक्याची चूक होते ती तिथेच. जुनी कडी इंजिनाला चिकटलेली राहते, नवा फिल्टर तिच्यावरच बसतो, दोन दिवस सगळं कोरडं दिसतं आणि मग भस्सकन तेल बाहेर येतं. बाई म्हणाल्या होत्या की बोट फिरवून बघितलं. पण त्यांना काय कळणार, जुनी कडी काळी, इंजिन काळं, उजेड बेताचा. जावयाने नक्की बघितलं असेल कशावरून? विचार करता करता मिस्त्रींची खात्रीच पटली की कडी राहिली आहे. काळजीपोटी आपण हा विचार करतो आहोत, असंच ते स्वतःला सांगत होते. पण काळजी असती, तर त्यांनी जिना चढून जावयाला विचारलं असतं.

मंगळवारी बाई दाताच्या डॉक्टरकडे जायच्या होत्या, हे त्यांना माहीत होतं. दुपारी दोनच्या सुमाराला धक्का पेंगलेला असतो. मिस्त्री हातात पिशवी घेऊन, फिरायला निघाल्यासारखे निघाले. बोटीच्या केबिनची एक किल्ली बावीस वर्षांपासून त्यांच्याकडे असायची. बाईंनीच दिली होती.

शिडी त्यांनी डाव्या हाताने काढली. आत इंजिन होतं आणि ते इतकं स्वच्छ होतं की मिस्त्री क्षणभर थबकले. खाली पांढरं फडकं अंथरलेलं, म्हणजे थेंब पडला तरी दिसावा. एकही थेंब नव्हता. खरं तर हे बघून त्यांनी शिडी परत लावायला हवी होती. कोरडं फडकं हाच पुरावा होता. पण त्यांना तो पुरावा नको होता. त्यांनी फिल्टरला पिशवी बांधली, पट्ट्याचा पाना लावला आणि फिल्टर सैल केला.

कडी एकच होती. नवी, तेल लावलेली, जागच्या जागी. इंजिनाची बैठक पुसून लख्ख केलेली.

तिथे गुडघ्यांवर बसून मिस्त्री त्या कडीकडे बघत राहिले. दुसरा कोणी असता तर सुटकेचा श्वास टाकला असता. त्यांना मात्र कोणी हातातलं हिसकावून घ्यावं तसं झालं. चूक नव्हती. इतकंच नव्हे, तर त्यांनी स्वतः केलं असतं त्यापेक्षा काकणभर सरसच झालं होतं.

फिल्टर परत बसवताना कडी टेकल्याचं त्यांना कळलं. तिथून पुढे फिरवायला लागले आणि मनगटातून कळ आली. दात आवळून त्यांनी आणखी थोडं फिरवलं. हाताने सांगितलं, झालं. चाळीस वर्षांत त्या हाताने त्यांना खोटं सांगितलं नव्हतं. पिशवीत साठलेलं अर्धा कप तेल त्यांनी बरोबर घेतलं, कडा पुसल्या, फडकं सारखं केलं. एरवी फिल्टरला हात लावल्यावर इंजिन चालवून, बॅटरीच्या उजेडात बघितल्याशिवाय ते कधी बोट सोडत नसत. त्या दिवशी त्यांनी इंजिन चालवलं नाही. आवाज झाला असता, आणि कोणीतरी विचारलं असतं.

शनिवारी बाई बेटाकडे निघाल्या. खाडीच्या तोंडाशी पोचेपर्यंत इंजिन ठीक चाललं. मग तेलाच्या दाबाचा लाल दिवा लागला आणि भोंगा वाजायला लागला. जावयाने त्यांना शिकवून ठेवलं होतं की लाल दिवा दिसला की विचार करत बसायचं नाही, आधी इंजिन बंद. त्यांनी ते तत्क्षणी बंद केलं. तळाचं पाणी उपसणारा पंपही बंद केला, नाहीतर सगळं तेल समुद्रात गेलं असतं. वारा नावापुरताच होता. शिडावर रांगत रांगत, तीन तासांनी त्या परत आल्या. धक्क्यावर उतरल्या तेव्हा चेहरा पांढरा पडला होता. शिडी काढून बघितलं तर पांढरं फडकं काळं झालेलं आणि तळात दोन-अडीच लिटर तेल.

जावई धावत गेला. फिल्टर त्याच्या हाताला सैल लागला. बाई म्हणाल्या की तो मीच बसवला होता, चूक माझी आहे. जावई म्हणाला, बसवला तुम्ही, पण तपासायचं काम माझं होतं, चूक माझी. तळ पुसायला दोघांना संध्याकाळपर्यंत वेळ लागला.

ही बातमी मिस्त्रींना मुलीने सांगितली. खोटं कशाला बोला, पहिल्या क्षणी मिस्त्रींना बरं वाटलं. पोटात गार वाटलं. बघा, शेवटी झालंच की नाही, असं काहीतरी मनात आलंसुद्धा. ते पुरतं उमटायच्या आत त्यांना मंगळवारची दुपार आठवली आणि गारवा तिथेच गोठला.

रात्री जेवताना जावई फारसा बोलला नाही. मुलगी त्याला समजावत होती, असं होतं कधीकधी. तो म्हणाला, आपण स्वतः वाकून बघितलं होतं, वीस मिनिटं इंजिन चालवून बघितलं होतं. थोड्या वेळाने म्हणाला, कदाचित नसेलही बघितलं. आता आठवायला गेलं की नीट आठवत नाही. मिस्त्री ताटात बघत राहिले. ज्या गोष्टीची या माणसाला चांगली आठवण होती, ती आपल्यामुळे त्याच्या डोक्यातून पुसली जात होती, हे त्यांना समोर बसून दिसत होतं. बोलायला तोंड उघडलं आणि त्यांनी मीठ मागितलं.

रविवारी बाई वर्कशॉपमध्ये आल्या. मिस्त्री, हाताला जमेल तसं करा, पण इंजिन तुम्हीच बघा, असं म्हणाल्या. जावयाला वाईट वाटू देऊ नका, पोरगा चांगला आहे, पण मी पुन्हा नाही त्याला असल्या भानगडीत पाडणार. सुंठीवाचून खोकला गेला होता. मिस्त्रींना हवं होतं ते सगळं, अगदी होतं तसं, घरपोच परत आलं होतं.

सोमवारी सकाळी ते नवा फिल्टर आणि तेलाचा डबा घेऊन बोटीवर गेले. बाईंनी डबा उचलून आत नेऊन दिला आणि न सांगताच वर जाऊन बसल्या. वर्तमानपत्र नव्हतं. हात मांडीवर ठेवून नुसत्या बसल्या होत्या. खालून मिस्त्रींना त्यांच्या चपला आणि साडीचा काठ दिसत होता. उरलंसुरलं तेल ओढून झालं, सैल फिल्टर निघाला. मिस्त्री मुद्दाम थोडं मोठ्याने काही काही सांगत राहिले, आता हे करतोय, आता ते. बाई वरून काही विचारत नव्हत्या.

मग त्या म्हणाल्या, "बोट विकावी म्हणतेय."

मिस्त्रींचा हात थांबला. बाई सांगत होत्या, की इंजिन बंद पडलं त्याची भीती वाटली नाही. शीड आहे, वारा आज ना उद्या येतोच. पण तीन तास त्या एकच विचार करत होत्या, की कडी टेकल्यावर आपण खरंच पाऊण फेरा दिला, की दिला असं आपल्याला वाटलं. आता गॅस बंद केला की दोनदा बघते, दाराला कुलूप लावलं की परत येऊन ओढून बघते. एकट्या माणसाचा स्वतःच्या हातावर विश्वास राहिला नाही, तर त्याने समुद्रात जाऊ नये.

मिस्त्रींनी फिल्टर खाली ठेवला. हात पुसले. वर बघितलं तर नुसत्या चपला दिसत होत्या, म्हणून ते मागे सरकून, मान वर करून बसले.

"बाई, फिल्टर तुम्ही नीटच बसवला होता."

"समजूत काढू नका, मिस्त्री."

"समजूत नाही काढत. मंगळवारी तुम्ही दाताच्या डॉक्टरकडे गेला होतात. मी आलो होतो इथे. उघडून बघितला."

बाई उठून शिडीच्या जागेपाशी आल्या आणि खाली वाकल्या. "कशासाठी?"

तपासायला, असं मिस्त्रींच्या ओठांवर आलं होतं. ते खरं वाटलंही असतं. "चूक सापडावी म्हणून," ते म्हणाले.

"सापडली?"

"नाही. काहीसुद्धा नव्हती. मग परत लावला, या हाताने."

"आणि इंजिन चालवून बघितलं नाहीत."

"नाही."

बाईंनी जावयाचं नाव काढलं नाही, आरडाओरडा केला नाही. फक्त हात पुढे केला. मिस्त्रींनी खिशातून जुडगा काढून त्यातली बोटीची किल्ली सोडवायचा प्रयत्न केला. मनगटात जोर नव्हता, कडं उघडेना. बाईंनी मदत केली नाही. शेवटी दातांनी उघडून त्यांनी ती किल्ली बाईंच्या हातावर ठेवली.

"या वर," बाई म्हणाल्या. "बाकीचं मी करते."

मिस्त्री धक्क्यावर येऊन उभे राहिले. जावं की थांबावं ते समजेना. आत डबा सरकल्याचा आवाज आला, मग बराच वेळ काही नाही. मग इंजिन सुरू झालं. जुन्या दोन सिलिंडरांचा तो आवाज त्यांनी हजार वेळा ऐकला असेल. पण आपण बाहेर आणि ते आत, असं कधी झालं नव्हतं. आत सगळं कोरडं आहे की नाही, हे विचारायची त्यांची छाती झाली नाही. पंधरा मिनिटांनी इंजिन बंद झालं. बाई बाहेर आल्या नाहीत.

जावयाला सांगणं जास्त जड गेलं. तो वर्कशॉपमध्ये एका बोटीचा पंखा घासत होता. मिस्त्रींनी सगळं सांगितलं, उभ्या उभ्या, चार वाक्यांत. जावयाने हातातला ब्रश खाली ठेवला.

"बाबा, मी वहीतलं बाईंच्या इंजिनाचं पान खोडून टाकलं होतं," तो म्हणाला. तेवढंच बोलला आणि जिना चढून वर गेला.

थोड्या वेळाने मुलगी खाली आली. ती रडली असावी. वडिलांशी ती आवाज चढवून कधी बोलली नव्हती, तेव्हाही बोलली नाही. म्हणाली, "चार वर्षं तो तुमच्या तोंडाकडे बघतोय, बाबा. एकदा तरी बरं केलंत म्हणाल म्हणून." बायकोने रात्री पान वाढलं, पण शेजारी बसली नाही. आपले दात आणि आपलेच ओठ. ओरडायचं तरी कोणावर.

पंधरा-वीस दिवस असे गेले. जावई कामापुरतं बोलायचा. मिस्त्रींनी एके दिवशी बंदराच्या लाँचचं इंजिन उघडलं, तेव्हा त्याला हाक मारली आणि स्वतः बाजूला सरकून त्याला पुढे बसवलं. जावई बसला. प्रश्न मात्र एकही विचारला नाही. पूर्वी त्याच्या प्रश्नांचा वीट यायचा. त्या दिवशी मिस्त्री एकातरी प्रश्नाची वाट बघत होते. शेवटी, सगळं जोडून झाल्यावर, त्याने विचारलं की ही नळी मुद्दाम वाकडी ठेवली आहे का. मिस्त्री म्हणाले, मुद्दाम. आणि का, तेही सांगितलं. बरं केलंत, असं म्हणायचं राहून गेलं. जीभच वळली नाही.

बाईंनी बोट विकली नाही, हे त्यांना दिसत होतं. दर शनिवारी त्यांचं शीड खाडीच्या तोंडाशी दिसायचं. इंजिनाची बारीकसारीक कामं जावयाच्या देखरेखीखाली त्याच करत होत्या. दोघांचं हसणं कधीकधी वाऱ्यावर वर्कशॉपपर्यंत यायचं, आणि ते आलं की मिस्त्री उगाचच हातोडीने काहीतरी ठोकायला घ्यायचे. मत्सर गेला नव्हता. कबुली दिली की तो जातो असं त्यांना वाटलं होतं. तसं काही झालं नाही. फक्त तो कुठे बसला आहे, हे आता त्यांना माहीत होतं.

एके सकाळी बाई वर्कशॉपच्या दारात उभ्या राहिल्या. आत आल्या नाहीत. जावई चार दिवस दुसऱ्या बंदरात कामाला गेला होता. बाई म्हणाल्या की इंजिन चालू केलं की मागून पाणी पडत नाहीये, म्हणजे ते थंड राहत नाही. पंपातलं रबरी चाक गेलं असावं. नवं चाक आणलं आहे. जावई येईपर्यंत थांबायचं तर वारा जाईल.

मिस्त्री पान्यांची पेटी उचलायला वळले.

"पेटी राहू द्या," बाई म्हणाल्या. "तुम्ही धक्क्यावर उभे राहा आणि सांगा. करणार मी आहे. जावई असंच सांगतो, एकेक पायरी."

शेवटचं वाक्य लागायचं तिथे लागलं. मिस्त्रींनी ते गिळलं आणि बाईंच्या मागून, दोन पावलं अंतर ठेवून, बोटीपर्यंत गेले. बाई खाली उतरल्या. धक्क्यावरून मिस्त्रींना पंप दिसत नव्हता, की बाईंचे हात. फक्त आतून आवाज येत होता.

समुद्राचं पाणी आत घेणारा व्हॉल्व्ह आधी बंद करा, त्यांनी सांगितलं. बंद केला, आतून उत्तर आलं. पंपाचं झाकण चार स्क्रूंवर आहे, खालचा आधी सैल करा, पाणी सांडेल. सांडलं. झाकण काढलं. चाकाच्या पात्या बघा, तुटल्यात का. दोन तुटल्यात, एक सापडत नाही. मग ती नळीत अडकली असेल, शोधा, सापडल्याशिवाय पुढे जायचं नाही. बराच वेळ खुडबुड झाली. सापडली, बाई म्हणाल्या, आणि त्या आवाजात किंचित आनंद होता. तो आपल्यासाठी नव्हता, हे मिस्त्रींना कळलं. पण ऐकायला ते तिथे होते.

"आता?" आतून बाईंनी विचारलं.

मिस्त्रींनी डोळे मिटले. नवं चाक बसवताना पात्या कोणत्या बाजूला वाकवून आत सारायच्या, हे त्यांना सांगायचं होतं, आणि ते शब्दांत त्यांना सापडेना. त्यांनी रिकाम्या हातांत नसलेला पंप धरला, नसलेलं चाक फिरवून आत ढकललं, आणि बोटं कुठे वळतात ते बघितलं. शेजारच्या बोटीवरचा मासेमार त्यांच्याकडे टक लावून बघत होता.

"घड्याळाच्या उलट नाही, बाई," ते म्हणाले. "थांबा. परत एकदा बघून सांगतो."

"बघा सावकाश," बाई म्हणाल्या. "मी थांबते."